भोंगा वाजण्याआधी

(दापोडे, ता. भिवंडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 संयोजकांनी मला विचारलेला प्रश्न असा : जगात युद्धं पेटलेली असताना, माणसं धास्तावलेली असताना, विश्वनागरिक होणं आणि कायमची शांतता नांदणं शक्य आहे का?

गाझा आणि युक्रेन ही नावं आता शाळकरी पोरांच्याही तोंडी आहेत. पण धास्तीला तेवढ्या लांबून यावं लागत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला सव्वीस माणसं मारली गेली. त्यांतले तिघे डोंबिवलीचे होते. माणकोलीचा पूल झाल्यापासून डोंबिवली आपल्याला किती जवळ आली, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यानंतर पंधरा दिवसांनी, ७ मे रोजी, राज्यात ठिकठिकाणी नागरी संरक्षणाच्या सरावाचे भोंगे वाजले. सभागृहात जी वडीलधारी मंडळी बसली आहेत त्यांना १९७१ च्या डिसेंबरातला ब्लॅकआउट आठवला असेल, खिडक्यांच्या काचांना लावलेले काळे कागद आठवले असतील.

ज्या घरातून अशी तिरडी उठली त्या घरात जाऊन ‘अवघं जग एक आहे’ असं म्हणण्याची माझी छाती नाही आणि कुणी म्हणूही नये. त्या घरातला संताप खरा आहे, भीतीही खरी आहे. विश्वनागरिकत्वावर बोलायचं तर ही भीती मान्य करूनच बोललं पाहिजे. भ्यालेल्या माणसाला उपदेश पचत नाही. मग त्याला काय उपयोगी पडतं, हे मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे. त्यासाठी पहिला दाखला मी जिनिव्हाहून आणलेला नाही. तो इथून चार-पाच मैलांवरचा, भिवंडी शहरातला आहे.

७ मे ही तारीख भिवंडीला आधीपासून ठाऊक आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दगडफेक झाली आणि शहर पेटलं. आग जळगावला आणि महाडला पोहोचली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने या साऱ्याची चौकशी केली. दंगल त्या दिवशीच्या पहिल्या दगडातून जन्मलेली नव्हती, तणाव आधीची काही वर्षं साठत आला होता, असं आयोगाने पुराव्यानिशी मांडलं. आसपासच्या खेड्यांतून माणसं हातात लाठ्या घेऊन मिरवणुकीला गेली होती, अशीही नोंद त्या अहवालात आहे. दापोड्यात उभा राहून मी हे मुद्दाम सांगतो आहे. दंगल ही शहरवाल्यांची भानगड, आपण बाजूला होतो, असं म्हणायची सोय आपल्या पंचक्रोशीला नाही. पुढे १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा जळाली. माणसं घरात कोंडून मारली गेली, माग जळाले. ज्या गल्लीत तेलुगू पद्मशाली, उत्तरेकडचे मोमीन आणि इथले आगरी एकाच सुताच्या धंद्यावर जगत होते, त्या गल्लीत पुढची कित्येक वर्षं कुणी कुणाच्या दुकानाची पायरी चढत नव्हतं.

चार वर्षांनी, १९८८ मध्ये, सुरेश खोपडे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी जे केलं ते महाराष्ट्राच्या इतिहासात नीट नोंदलं जायला हवं होतं, तेवढं नोंदलं गेलं नाही. तोवर ‘शांतता समिती’ नावाची गोष्ट होतीच. सण जवळ आला, ताण वाढला, की पोलीस ठाण्यातून बोलावणं जाई. पुढारी, व्यापारी, मौलवी, मंडळांचे अध्यक्ष जमत, एकोप्याचं आवाहन करत आणि घरी जात. खोपडे यांनी हा रिवाज बदलला. त्यांनी मोहल्ला-मोहल्ल्यात समित्या नेमल्या आणि त्यांत पुढाऱ्यांऐवजी साधी माणसं बसवली : मागावरचा कामगार, पानवाला, घरकाम करणारी बाई. हिंदू आणि मुसलमान बरोबरीने. समितीची जबाबदारी त्या भागातल्या पोलिसावर टाकली, अगदी खालच्या हवालदारापर्यंत. बैठक दंगलीची चाहूल लागल्यावर घ्यायची नाही, एरवी घ्यायची आणि घेत राहायची.

बैठकीत काय चालायचं? नळावरचं भांडण. गटाराचं पाणी कुणाच्या उंबऱ्यात येतं याचा वाद. दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा. भाडेकरू आणि मालक. पोलीस ठाण्याच्या वहीत ज्यांची ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र, म्हणून नोंद होते आणि पुढे काहीच होत नाही, असले हे तंटे. नळावरच्या भांडणात कोण हिंदू नि कोण मुसलमान, हे सुरुवातीला कुणाच्या डोक्यातही नसतं. पण ते तसंच कुजत ठेवलं तर एखाद्या वाईट दिवशी त्याच भांडणाला धर्माचं नाव मिळतं. समितीने ते आधीच मिटवलं की त्या वाईट दिवसाला जळण मिळत नाही. शिवाय अशा बैठकांना बसून बसून हवालदाराला माणसं नावानिशी कळू लागली आणि माणसांना हवालदार कळला. पोलिसाला पाहून दार लावून घेणारी बाई त्याला आपल्या पोराची तक्रार सांगू लागली.

आता अफवेचं बघा. ‘पलीकडच्या गल्लीत तलवारी आल्यात’ हे वाक्य दंगलीच्या आधी प्रत्येक वेळी ऐकू येतं. ते खरं की खोटं, हे ठरवायला ऐकणाऱ्याकडे काही साधन नसतं. पलीकडच्या गल्लीतलं त्याच्या ओळखीचं कुणी नसतं. मग तो घाबरतो आणि घाबरून स्वतः दगड गोळा करतो. त्याचे दगड पाहून पलीकडचा घाबरतो. देशादेशांमधली शस्त्रांची चढाओढ याहून फार वेगळी नाही, फक्त दगडाच्या जागी क्षेपणास्त्रं असतात. मोहल्ला समितीने या साखळीतली एक कडी तोडली. पलीकडच्या गल्लीत ज्याला नाव घेऊन हाक मारावी असा माणूस निर्माण केला. रात्री दोन वाजता त्याला उठवून विचारता येत होतं की बाबा रे, काय खरं आहे?

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत नऊशे माणसं मेली, असं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं आहे. भिवंडी शांत राहिली. जिचं नाव दंगलीशी कायमचं जोडलं गेलं होतं ती भिवंडी! खोपडे तेव्हा बदलून गेले होते, त्यांच्या जागी गुलाबराव पोळ होते आणि त्यांनी समित्या चालू ठेवल्या होत्या. त्या दिवसांत या शहरातली माणसं भ्याली नव्हती असं नाही. सारा देश भ्याला होता. पण त्यांच्याकडे भीती घेऊन जायला जागा होती. माझ्या मते या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट हीच आहे. शांततेची इच्छा तर मुंबईतही लाखो लोकांना होती.

हे चित्र गोड करून सांगणं बरोबर होणार नाही. ५ जुलै २००६ ला याच शहरात कब्रस्तानालगत पोलीस ठाणं बांधण्यावरून जमाव भडकला, गोळीबारात दोघे गेले आणि पाठोपाठ दोन पोलिसांना जमावाने ठार केलं. धर्माधर्मांत दंगल पेटली नाही, हे खरं. पण ज्या पोलिसावर मोहल्ल्याने एकेकाळी विश्वास टाकला होता त्याच पोलिसाचा बळी गेला. चौदा वर्षांत माणसं बदलली, अधिकारी बदलले, आणि जुनी पुण्याई आयती पुढे चालत आली नाही. भिवंडीच्या माणसाला हे चटकन समजेल : मागाला तेलपाणी रोज लागतं, गेल्या साली घातलेलं तेल यंदा कामाला येत नाही. ‘कायमची शांतता’ या शब्दांनी आपली फसगत होते. तशी शांतता एकदाच मिळवून कुलपात ठेवता येत नाही. ती चालू ठेवावी लागते आणि चालू ठेवणारी माणसं नेमावी लागतात.

आता तुम्ही म्हणाल, मोहल्ल्याचं ठीक आहे, जगाचं काय? दोन देशांच्या मधे हवालदार कुठे उभा असतो? प्रश्न रास्त आहे. शांततेची भाषा दुबळ्यांची, असंही कुणाच्या मनात येत असेल. तर लढवय्यांपासूनच सुरुवात करू. शेजारचं अंजूर हे गंगाजी नाईकांचं गाव. पोर्तुगिजांच्या धार्मिक जुलमाला कंटाळून गंगाजी नाईक वर्षानुवर्षं पुण्याला खेटे घालत राहिले आणि वसईची मोहीम उभी राहिली. मे १७३९ मध्ये, हजारो माणसं कामी आल्यावर, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या लढाईची गाणी-पोवाडे आपण ऐकतो. तहाची कलमं मात्र कुणी सांगत नाही. पोर्तुगीज फौजेला शस्त्रांनिशी, मानाने बाहेर पडू दिलं गेलं. जे ख्रिस्ती लोक मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा दिली गेली. एवढं रक्त सांडल्यावर सूड घेणं किती सोपं होतं! तो घेतला गेला नाही, म्हणून वसईचा ख्रिस्ती समाज तिथेच, आपल्या वाड्यांत आणि बागायतीत राहिला, मराठी बोलत राहिला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी जे बसले होते ते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. १७३९ च्या त्या कलमांची फळं आजही अशी आपल्या पदरात पडत आहेत.

दुसरी हकीगत कोल्हापूरची, आणि ती मला सर्वांत जवळची आहे. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधली लाखो माणसं उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. बायका, पोरं, म्हातारी. थंडीने आणि उपासमारीने त्यांतले किती गेले याचा हिशेब आजही पुरा लागलेला नाही. हिटलरने रशियावर चाल केल्यावर वारं फिरलं आणि उरलेल्यांना सुटका मिळाली. ते कसेबसे इराणात पोहोचले, तिथून कराची, आणि १९४३ मध्ये त्यांतले सुमारे पाच हजार लोक कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्याला आले. पंचगंगेच्या खोऱ्यात त्यांच्यासाठी बराकींची वसाहत उभी राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, मुलांचं स्काउट पथक होतं. ज्या मुलांनी रशियातल्या बर्फात आई-बाप पुरले होते ती मुलं इथे उसाच्या शेतांत हिंडली, बाजारात मराठीतून भाव करायला शिकली. पाच वर्षं ही माणसं तिथे राहिली. जी परत जाऊ शकली नाहीत त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत.

ते साल विसरू नका. १९४३. आपला देश पारतंत्र्यात होता. काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते. बंगालात दुष्काळाने लाखो माणसं मरत होती. वळिवड्यापासून जवळच, सातारा जिल्ह्यात, नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांशी झुंजत होतं. ज्या लोकांना स्वतःच्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं, त्यांच्या मुलखात देश हरवलेल्या माणसांना छप्पर मिळालं. लंडनमधलं पोलिश सरकार, दिल्लीतलं इंग्रज सरकार आणि कोल्हापूर संस्थान यांच्यात लिखापढी झाली, पैशांची सोय झाली, तेव्हा हे घडलं, हेही खरं. नुसत्या भूतदयेवर पाच हजार माणसं पाच वर्षं जगत नाहीत. पण लिखापढी झाली तरी शेजार कागदावर मिळत नाही. तो वळिवड्याच्या लोकांनी दिला. पोलिश लोक १९४७-४८ मध्ये गेले आणि त्याच बराकींमध्ये फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आज तिथे गांधीनगरची कापडाची बाजारपेठ आहे. निर्वासितांच्या एका लोंढ्याने रिकाम्या केलेल्या खोल्या दुसऱ्याच्या कामी आल्या.

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थी तिथे अडकले आणि त्यांतले पुष्कळ पोलंडच्या सीमेवरून बाहेर पडले. ही कोल्हापूरची परतफेड होती, असं मी म्हणणार नाही. राष्ट्रांचे व्यवहार इतके सरळ नसतात आणि त्या सीमेवर आपल्या काही मुलांना वाईट वागणूकही मिळाली. पण वळिवड्याची आठवण पोलंडने जिवंत ठेवली आहे. वॉर्सात त्याचं स्मारक आहे, त्यांचे मंत्री कोल्हापुरात येऊन त्या थडग्यांवर फुलं वाहून गेले आहेत. विश्वनागरिकाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात विश्वनागरिकाचा हक्क म्हणून त्याने फार मोठं काही मागितलेलं नाही. परक्या मुलखात पाऊल ठेवणाऱ्याला शत्रू समजून वागवू नये, एवढाच तो हक्क. आरंभापुरता मला तो पुरेसा वाटतो. वळिवड्याने तो पाळून दाखवला.

मोठ्या घोषणांबद्दल मी थोडक्यात बोलतो. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा १९५७ पासून ‘जय जगत’ म्हणू लागले. गाव आणि जग ही दोन टोकं त्यांनी पक्की धरली होती आणि त्याच वर्षी शांतिसेनाही उभी केली. पुढे १९६२ चं चीनचं युद्ध झालं. ते संपून काही महिने झाले असताना आपले सर्वोदयी नेते शंकरराव देव, मार्च १९६३ मध्ये, दिल्लीहून पेकिंगकडे मैत्री यात्रा घेऊन पायी निघाले. बरोबर परदेशी शांतिवादीही होते. वाटेत आपल्याच लोकांनी त्यांना शिव्या घातल्या आणि चीनने दार उघडलं नाही. यात्रा आसामपर्यंत जाऊन थांबली. त्या वृद्ध माणसाच्या हिमतीपुढे मी हात जोडतो. तरीही मला वाटतं, ते पाऊल उशिरा पडलं. दोन्हीकडे भीती घट्ट बसल्यानंतर पडलं. याच्या शेजारी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांना ठेवून बघा. ते १९३८ मध्ये चीनला गेले, जपानी हल्ल्यात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्या परिचारिकेशी संसार मांडला आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डिसेंबर १९४२ मध्ये, तिथेच वारले. दोन देशांत युद्ध झालं, आजही सीमेवर तणातणी आहे, पण तिकडून भारतात आलेले बडे नेते कोटणिसांच्या घरच्यांना भेटत आले. एका माणसाने केलेलं काम दोन सरकारांच्या वैरातून टिकून राहिलं. त्याने युद्ध थांबवलं नाही. युद्ध संपल्यावर कुठून बोलायला सुरुवात करायची, ती जागा मात्र शाबूत ठेवली.

आता दापोड्याकडे येतो. जग या गावात रोज येतं. मुंबईची जकात होती तेव्हा तिच्या हद्दीबाहेर म्हणून इथल्या भातखाचरांवर गोदामं उठली. २०१७ मध्ये जकात गेली, गोदामं वाढतच राहिली. सकाळी एखाद्या गाळ्याचं शटर उघडलं की कंटेनरमधून खोकी उतरतात, एकावर व्हिएतनाम, दुसऱ्यावर चीन, तिसऱ्यावर तुर्कस्तान. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा पश्चिमेकडची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, जास्तीचे दहा-बारा दिवस लागू लागले. येमेनमधल्या क्षेपणास्त्राने अशी इथल्या हमालाची पाळी हुकते. जगाशी आपला संबंध नाही असं म्हणायला या रस्त्यावर कुणालाच जागा नाही.

माल आला की त्याची नोंद होते. बिल्टी असते, ई-वे बिल असतं, खोक्याला बारकोड असतो, हरवलं तर दहा फोन येतात. तो माल उतरवणारा बिहारचा, उत्तर प्रदेशाचा, ओडिशाचा माणूस आपल्याच चाळीत भाड्याने राहतो. त्याची नोंद गावात कुठे आहे? २०२० च्या टाळेबंदीत हीच माणसं पोरं खांद्यावर घेऊन नाशिक महामार्गाने पायी निघाली होती. मे महिन्यात भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक रेल्वे सुटली, तेव्हा कुठे काहींना गाडी मिळाली. या पंचक्रोशीतल्या पुष्कळ घरांनी तेव्हा त्यांना जेवण दिलं, भाडं सोडलं, हे मी आदराने नमूद करतो. पण ते संकट आल्यावर झालं. जमीन गेली, शेती गेली, गाव आपलं राहिलं नाही, ही स्थानिक आगरी-कोळी माणसाची वेदनाही मला कळते. ती खोटी नाही आणि ती दाबून ठेवली तर उद्या तिलाही कुणीतरी दगड पुरवील. म्हणूनच तो भूमिपुत्र आणि हा परप्रांतीय यांना, काहीही बिनसलेलं नसताना, समोरासमोर बसवायला हवं. कांटने मागितलेला हक्क दापोड्यात कुणाच्या वाट्याला येतो, ते तिथे ठरेल.

माझी मागणी छोटी आहे आणि ती मी ग्रामपंचायतीचे जे सदस्य समोर बसले आहेत त्यांच्याकडे करतो. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. तिच्या विषयपत्रिकेत एक विषय घ्या : गाव, गोदामं आणि चाळी यांची मिळून वाडीवार समिती. तिच्यात पुढारी नकोत. माथाडी असावा, चाळीतली बाई असावी, गाळामालक असावा, कॉलेजात जाणारी आगऱ्यांची मुलगी असावी, आणि त्या बीटचा पोलीस शिपाई असावा. महिन्यातून एकदा बसा. कचरा, पाणी, रस्त्यात आडवे उभे राहणारे ट्रेलर, चाळीतल्या मुलांचे शाळेचे दाखले, हे विषय घ्या. धर्म, प्रांत, युद्ध यांवर बोलायची गरज नाही. पहिल्या दोन-तीन बैठकांना माणसं येणार नाहीत, आली तर भांडतील. तरी चौथी बैठक घ्या. ठराव मांडायला कुणी तयार असेल तर त्याचा मसुदा लिहायला मी आज रात्री इथे थांबायला तयार आहे.